कर्सर कुठे आहे?

दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीत आमच्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा होती. विकासकाबरोबरच्या करारनाम्याचा मसुदा शंभरेक पानांचा. सेक्रेटरींनी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला होता, पानं भिंतीवर दिसत होती. एका काकांनी सांगितलं, "पर्यायी जागेच्या भाड्याचं कलम दाखवा." सेक्रेटरी माऊसचं चाक फिरवू लागले. पानं वर सरकत राहिली, कलम पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. शेवटी कलम सापडलं. चर्चा झाली, एक आकडा बदलायचा ठरला. सेक्रेटरींनी आकडा टाइप केला आणि भिंतीवरचं पान झटकन बदललं. नवा आकडा भाड्याच्या कलमात गेलाच नव्हता. तो जाऊन बसला होता तिसऱ्या पानावर, सभासदांच्या यादीत. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी तो पाहिला म्हणून बरं. नाहीतर त्यांच्या फ्लॅटचा क्रमांक करारनाम्यात चुकीचा राहिला असता.

सेक्रेटरींची चूक काय झाली? माऊसचं चाक फिरवलं की पडदा सरकतो, कर्सर सरकत नाही. कर्सर म्हणजे ती लुकलुकणारी उभी रेघ, जिथे पुढचं अक्षर उमटणार ती जागा. आपण साठाव्या पानावर पोहोचलो असं डोळ्यांना दिसतं, पण कर्सर मागे तिसऱ्या पानावरच थांबलेला असतो. पहिली कळ दाबली की मजकूर तिथे जातो आणि पडदाही आपल्याला तिथे ओढून नेतो. चाकाने नजर फिरते. कळफलकावरच्या कळांनी फिरलं तर कर्सर आपल्याबरोबर येतो. हा एवढा फरक कळला की, कळफलकाने फाइलमध्ये हिंडायला शिकवणाऱ्या या पुस्तिकेतलं निम्मं कळलं.

त्या सभेहून घरी येताना मला वाईट वाटलं ते सेक्रेटरींसाठी नाही, स्वतःसाठी. मी टंकलेखन शिकवते. माझ्या वर्गातून मुलं मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस करून बाहेर पडतात, प्रमाणपत्र घेतात, लिपिक-टंकलेखकाच्या जागांसाठी अर्ज करतात. पडद्याकडे बघत, बोटांकडे न बघता, मिनिटाला तीस शब्द टाइप करायला मी त्यांना शिकवलं. पण शंभर पानांच्या फाइलमध्ये हव्या त्या कलमापर्यंत कसं जायचं, जाऊन परत कसं यायचं, हे मी मुद्दाम बसवून कधी शिकवलं नव्हतं. 'ते येईल हळूहळू' असं धरून चालले होते. ते हळूहळू येत नाही. वीस-वीस वर्षं संगणकावर काम केलेली माणसं आजही बाणाची कळ दाबून धरतात आणि ओळ संपायची वाट बघत बसतात.

हे असं का झालं, याला इतिहास आहे. आपली टंकलेखनाची शिकवण यंत्रावर घडली. गोदरेजने १९५५मध्ये भारतीय बनावटीचं पहिलं टंकलेखन यंत्र काढलं आणि पुढची कित्येक दशकं ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या टायपिंग क्लासमध्ये हीच आणि रेमिंग्टनची यंत्रं खडखडत होती. यंत्रावर 'मी कुठे आहे' हा प्रश्नच नव्हता. अक्षर उमटायची जागा एकच, मधोमध, डोळ्यांसमोर. हलायचा तो कागद. ओळ संपत आली की घंटी वाजायची, डाव्या हाताने दांडा ओढला की गाडी मागे यायची. पान एकच, दिशा एकच, पुढे. मागे जाऊन काही घालायचं असेल तर पान काढून नवीन कागद चढवायचा. त्यामुळे त्या काळची सगळी कसोटी वेग आणि बिनचूकपणा यांची होती, आणि ती योग्यच होती.

गेल्या दशकात यंत्रावरची शासकीय परीक्षा बंद झाली. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा, जिला आपण सगळे जीसीसी-टीबीसी म्हणतो, ती आली. यंत्रं गेली, संगणक आले, पण कसोटीचा गाभा वेगाचाच राहिला. खऱ्या कामाचं स्वरूप मात्र पार बदललं होतं. कचेरीत आज कोरं पान घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत टाइप करायचा प्रसंग आठवड्यातून किती वेळा येतो? बहुतेक काम असतं ते आधीच्या फाइलवरचं. गेल्या वर्षीचा अहवाल उघडा, आकडे बदला. जुनं पत्र उघडा, नाव आणि तारीख बदला. साहेबांनी सातव्या पानावर खूण केली आहे, ती दुरुस्त करा. हे सगळं टाइप करण्यापेक्षा हिंडण्याचं काम आहे. परीक्षेत वेग मोजतात, कामात वाट माहीत असावी लागते.

हे काही नवं शहाणपण नाही. संगणकावर लिहिण्याची पहिली चांगली साधनं ज्यांनी बनवली त्यांना ते ठाऊक होतं. १९७८मध्ये रॉब बार्नबी यांनी लिहिलेलं वर्डस्टार बाजारात आलं, तेव्हा बऱ्याच संगणकांना बाणाच्या कळाच नव्हत्या. त्यांनी कंट्रोल धरून ई, एस, डी, एक्स या चार कळांना वर, डावी, उजवी, खाली अशा दिशा दिल्या. कळफलकावर बघा, या चार कळा पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात बसल्या आहेत. डाव्या हाताची बोटं जिथे विसावतात तिथेच ही चौकट आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या ए आणि एफ या कळांनी शब्द-शब्द उडी मारता यायची. म्हणजे लिहिणाऱ्याचा हात जागेवरून उठू नये, हा विचार त्या मांडणीच्या मुळाशी होता. ज्यांनी संगणकाचा पहिला क्लास वर्डस्टारवर केला, त्यांच्या बोटांत ही चौकट अजून असेल. नंतर माऊस आला, चित्रांची बटणं आली, शिकणं सोपं झालं. पण सोपं झालं म्हणून हिंडायला शिकवणंच आपण सोडून दिलं. एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने घराघरातल्या माणसाला संगणकापुढे बसवलं, हे मोठंच काम झालं. त्याच्या पुढची पायरी मात्र प्रत्येकाने आपापली चढायची राहिली.

आता 'शॉर्टकट' या शब्दाबद्दल. सगळे हाच शब्द वापरतात म्हणून पुस्तिकेतही तो आहे, पण मला तो पटत नाही. शॉर्टकट म्हटलं की मेहनत चुकवण्याची आडवाट असा अर्थ मनात येतो. इथे तसं काही नाही. डोंबिवलीला रोज उतरणाऱ्या माणसाला कुठला डबा पुलासमोर थांबतो हे माहीत असतं. तो काही चुकवत नाही, त्याला स्टेशन माहीत असतं, एवढंच. या कळाही तशाच. त्या येण्यासाठी मजकुराची रचना माहीत असावी लागते. मजकूर अक्षरांचा असतो, अक्षरांचे शब्द, शब्दांच्या ओळी, ओळींचे परिच्छेद, परिच्छेदांवर मथळे. या प्रत्येक पायरीला एक कळ आहे. नुसता बाण अक्षर ओलांडतो. कंट्रोल धरून डावा-उजवा बाण शब्द ओलांडतो. होम आणि एंड ओळीची टोकं गाठतात. कंट्रोल धरून वर-खालचा बाण परिच्छेद ओलांडतो. कंट्रोल धरून होम म्हणजे फाइलची पहिली जागा, कंट्रोल धरून एंड म्हणजे शेवटची. पाठ करण्याच्या यादीसारखं याकडे बघू नका. हे मजकुराचं व्याकरण आहे, बोटांनी शिकायचं.

मराठीत याचं मोल इंग्रजीहून जास्त आहे, आणि हे मला या पुस्तिकेत ठासून सांगायचं आहे. आपले शब्द प्रत्यय लावून लांब होतात. 'महानगरपालिकेच्या' हा एक शब्द घ्या. बाणाने ओलांडायचा तर म, हा, न, ग, र, पा, लि, के, च्या असे नऊ ठोके. कंट्रोल धरला की एक. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेला किंवा ठाणे महानगरपालिकेला लिहिलेल्या कुठल्याही अर्जात हा शब्द पानभर पसरलेला असतो. हिशेब वाचकांनीच करावा.

दुसरं उदाहरण 'स्त्री' या शब्दाचं. वर्गात मी ते पहिल्याच दिवशी करून घेते. वर्डमध्ये युनिकोड मराठीत (फाँट बदलला तरी जी मराठीच राहते) 'स्त्री' टाइप करा. आता डावा बाण एकदा दाबा. कर्सर अख्खी 'स्त्री' ओलांडून तिच्या आधी जाऊन उभा राहतो, कारण बाणाच्या लेखी हे एकच अक्षर आहे. उजव्या बाणाने परत शेवटी या आणि आता बॅकस्पेस दाबा. अक्षर पुसलं जात नाही, फक्त दीर्घ वेलांटी जाते आणि 'स्त्र' उरतो. पुन्हा दाबा, र जातो. असं करत अक्षर पूर्ण पुसायला सहा वेळा बॅकस्पेस लागतो, कारण आत सहा चिन्हं आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. तेच कर्सर अक्षराच्या आधी ठेवून डिलीट दाबलं तर सगळं अक्षर एका ठोक्यात जातं. हे ज्याला माहीत नाही त्याला वाटतं संगणक बिघडला. ज्याला माहीत आहे तो याचा उपयोग करतो: फक्त वेलांटी चुकली असेल तर बॅकस्पेस, जोडाक्षरच चुकलं असेल तर डिलीट.

जुन्या फाँटच्या काळात तर याहून अवघड होतं. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये डीटीपीचं काम ज्यांनी केलं त्यांना आठवेल. तिथे काना हा स्वतंत्र तुकडा असायचा, म्हणून बाण 'का'च्या मध्येसुद्धा थांबायचा, क आणि काना यांच्यामध्ये. फाँट बदलला की सगळी मराठी म्हणजे विचित्र इंग्रजी खुणांचा ढीग. शोधायचं तर त्याच फाँटच्या खुणांत शोधावं लागायचं. स्मरणिका, दिवाळी अंक, शाळांचे अहवाल असा कितीतरी मजकूर आजही आपल्याकडे अशा फाइलींत अडकून पडला आहे. म्हणून पुस्तिकेचा पहिला सल्ला कळांचा नाही, युनिकोडचा आहे. मजकूर युनिकोडमध्ये नसेल तर पुढचं काहीच नीट चालत नाही.

शोध हे हिंडण्याचं सगळ्यात मोठं साधन. कंट्रोल आणि एफ दाबा, शब्द लिहा, एंटर करा, तिथे पोहोचा. पण मराठीत शोधायचं कसं, हे वेगळं शिकावं लागतं, कारण मराठी शब्द प्रत्ययाआधी आपलं रूप बदलतो. 'करारनामा' असं शोधलं तर 'करारनाम्यातील', 'करारनाम्याच्या', 'करारनाम्यानुसार' यांतलं काहीच सापडत नाही. कायद्याच्या मसुद्यात तर हीच रूपं जास्त असतात. मग काय करायचं? शब्दाचा न बदलणारा भाग शोधायचा: 'करारना'. मूळ शब्द आणि सामान्यरूप दोन्ही त्यात येतात. शाळेत सामान्यरूप शिकताना ते कशाला शिकायचं असं वाटलं होतं ना? इथे ते रोज उपयोगी पडतं. ज्याचं मराठीचं व्याकरण पक्कं, त्याचा शोध पक्का.

आणखी एक खाच सांगते, कारण ती कचेऱ्यांना फार छळते. 'अधिकाऱ्यांनी', 'कर्मचाऱ्यांना' हे शब्द सरकारी पत्रात किती वेळा येतात! त्यातला 'ऱ्या' दोन रीतींनी लिहिता येतो. एक, इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबून ऱ काढायचा, त्याचा पाय मोडायचा आणि य जोडायचा. दुसरी रीत, साधा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घालून य लिहायचा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एकाने एका रीतीने लिहिलेली फाइल दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधली तर 'सापडलं नाही' असं उत्तर येतं, आणि माणूस शपथेवर सांगतो की फाइलमध्ये तो शब्दच नाही. कार्यालयात सगळ्यांनी एकच रीत ठरवून घ्यावी, हा साधा नियम पुष्कळ घोळ वाचवतो. ठरलेलं नसेल तर 'अधिका' एवढंच शोधावं.

शोधाचं महत्त्व मला कल्याणच्या कोर्टाबाहेरच्या जॉब टायपिंगवाल्यांनी पटवलं. ही मंडळी यंत्रावरून संगणकावर आली आणि टिकली. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, अर्ज, नोटीस यांचे त्यांच्याकडे तयार नमुने असतात. समोरच्या माणसाचं नाव, वय, पत्ता घातला की दस्त तयार. पण नमुना म्हणजे बहुतेक वेळा कालच्या कुणाचा तरी दस्तच असतो. कालचं नाव तिसऱ्या परिच्छेदात राहून गेलं तर ते प्रतिज्ञापत्र वाया, मुद्रांक वाया, माणसाचा दिवस वाया. त्यांतल्या एका ज्येष्ठ टंकलेखकांनी मला त्यांची पद्धत दाखवली. नमुन्यात जिथे जिथे काही भरायचं असतं तिथे ते तीन फुल्या मारून ठेवतात. दस्त उघडला की फुल्यांचा शोध. एक भरली की शिफ्ट आणि एफ-४, म्हणजे मागचाच शोध पुढे. पुन्हा भरायचं, पुन्हा शिफ्ट आणि एफ-४. शेवटी एकदा फुल्या शोधायच्या. 'सापडलं नाही' असं आलं तरच छपाई. मी विचारलं, "हे कुणी शिकवलं?" ते म्हणाले, "मॅडम, एकदा नोटरीने दस्त परत पाठवला, त्याने शिकवलं." पुस्तिकेतलं शोधाचं प्रकरण या पद्धतीवर उभं आहे.

दुसरा गुरू माझा विद्यार्थी आहे. तो पूर्ण दृष्टिहीन आहे. तो एनव्हीडीए वापरतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी, मोफत मिळणारी प्रणाली. माऊस त्याच्या कामाचा नाही, त्यामुळे आपण ज्यांना शॉर्टकट म्हणतो तेवढाच त्याच्यासाठी रस्ता आहे. त्याला मी एकदा सरावासाठी वीस पानांचा अहवाल दिला. पाच मिनिटांत तो म्हणाला, "मॅडम, याला मथळेच नाहीत." मी म्हटलं, "आहेत की, चांगले ठळक केलेत." तो म्हणाला, "ठळक दिसत असतील. मथळे नाहीत." मी बघितलं, त्याचं बरोबर होतं. मी अक्षरं मोठी केली होती, ठळक केली होती, पण त्यांना मथळ्याची शैली दिली नव्हती. डोळ्यांना ते मथळे होते, संगणकाला ती साधीच ओळ होती. त्यामुळे एनव्हीडीएमध्ये मथळ्यावरून मथळ्यावर जाण्याची सोय असूनही त्याला वीस पानं ओळ-ओळ ऐकावी लागणार होती.

त्या दिवशी मला कळलं की हिंडण्याची निम्मी जबाबदारी हिंडणाऱ्याची आणि निम्मी लिहिणाऱ्याची आहे. फाइल बनवताना मथळ्याच्या ओळीवर कर्सर ठेवून वर्डमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबलं की तो मुख्य मथळा होतो. २ दाबलं की उपमथळा. याला एक सेकंद लागतो. त्यानंतर बाजूच्या पट्टीत सगळे मथळे आपोआप अनुक्रमणिकेसारखे दिसतात, हव्या त्या प्रकरणावर थेट जाता येतं, आणि अनुक्रमणिका छापायची असेल तर तीही आपोआप तयार होते. दृष्टिहीन वाचकासाठी केलेली ही सोय शेवटी डोळस वाचकाच्याही कामाची ठरते. आमच्या सभेतल्या त्या करारनाम्याला असे मथळे असते तर सेक्रेटरींना चाक फिरवावंच लागलं नसतं.

आपल्या या ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात लिहिण्या-वाचण्याची जुनी सवय आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. ठाण्यात २०१०मध्ये आणि डोंबिवलीत २०१७मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. सोसायट्यांचे अहवाल, गणेशोत्सवाचे ताळेबंद, ज्येष्ठ नागरिक संघांची इतिवृत्तं, बचत गटांच्या नोंदी, किती लिहितो आपण! हे सगळं लिहिणारी माणसं व्यावसायिक टंकलेखक नाहीत. सकाळच्या गाडीने मुंबईला जाऊन रात्री परत आलेली, जेवणानंतर तासभर फाइल उघडून बसणारी माणसं आहेत ही. त्यांचा तो तास चाक फिरवण्यात जाऊ नये, यासाठी ही पुस्तिका आहे. त्यांच्यासाठी माझी सगळ्यात आवडती कळ सांगते: शिफ्ट आणि एफ-५. काल रात्री फाइल बंद केली, आज उघडली, ती पहिल्या पानावर उघडते. वर्डमध्ये शिफ्ट आणि एफ-५ दाबा, काल जिथे काम थांबवलं होतं तिथे कर्सर जातो. काम करता करता दुसरीकडे काही बघायला गेलात, तरी हीच कळ शेवटच्या तीन बदलांच्या जागी परत आणते. मनाचा धागा तुटत नाही, हा तिचा खरा फायदा. वेळ वाचतो तो वेगळाच.

पुस्तिकेची मांडणी थोडक्यात सांगते. पहिल्या भागात अक्षर, शब्द, ओळ. दुसऱ्यात परिच्छेद आणि पान, त्यातच कंट्रोल आणि जी दाबून थेट पान क्रमांकावर जाणं. तिसऱ्यात शोध. चौथ्यात मथळे. पाचव्या भागात निवड, म्हणजे हिंडताना शिफ्ट धरला की ओलांडलेला मजकूर निवडला जातो, हे एकच सूत्र. जे शब्द ओलांडायला शिकले त्यांना शब्द निवडायला वेगळं काही शिकावं लागत नाही. फक्त शिफ्ट धरायचा. त्याच भागात ऑल्ट आणि शिफ्ट धरून बाणाने अख्खा परिच्छेद वर-खाली सरकवणं आहे. कलमांचा क्रम बदलताना ते फार कामी येतं.

उदाहरणं मायक्रोसॉफ्ट वर्डची आहेत, कारण बहुतेक कचेऱ्यांत तेच आहे. लिबरऑफिस मोफत आहे आणि त्यात बहुतेक कळा सारख्याच चालतात. फरक आहे तिथे तळटीप दिली आहे. मॅकवर शब्द ओलांडायला कंट्रोलऐवजी ऑप्शन धरावं लागतं. लॅपटॉपवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: पुष्कळ लहान लॅपटॉपवर होम आणि एंड या वेगळ्या कळा नसतात, त्या एफएन धरून बाणांवर मिळतात. एफ-४, एफ-५ दाबल्यावर आवाज किंवा उजेड कमी-जास्त झाला तर तिथेही एफएन धरावं. पुष्कळांनी 'माझ्याकडे ही कळ चालत नाही' म्हणून सोडून दिलेलं असतं, त्याचं कारण बहुधा एवढंच असतं.

शिकायचं कसं? टायपिंगच्या पहिल्या दिवशी आपण ए, एस, डी, एफ गिरवलं तसंच. एकदम यादी पाठ करू नका, राहणार नाही. आठवड्याला एक कळ घ्या. पहिला आठवडा फक्त कंट्रोल आणि उजवा बाण. शब्द ओलांडायची वेळ आली की दुसरं काही दाबायचं नाही, सुरुवातीला हळू झालं तरी चालेल. सातव्या दिवशी बोट आपणहून जातं. मग पुढची. बारा आठवड्यांत बारा कळा झाल्या तर रोजच्या कामाला पुरून उरतात. माझ्या वर्गात मी आता दर पाच मिनिटांनी एक प्रश्न विचारते: "कर्सर कुठे आहे?" पडद्यावर न शोधता ज्याला उत्तर देता येतं तो तयार झाला, असं मी मानते.

ही पुस्तिका त्या सगळ्यांची आहे ज्यांनी मला शिकवलं: कोर्टाबाहेरचे टंकलेखक, डीटीपीची बाकं झिजवलेले जुने ऑपरेटर, मथळे कुठे आहेत असं विचारणारा माझा विद्यार्थी, आणि चुकीच्या पानावर आकडा टाकूनही दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन "मला शिकवा" म्हणणारे आमचे सेक्रेटरी. त्यांनी तीन आठवड्यांत तो करारनामा मथळे देऊन नीट लावला. पुढच्या सभेत कुणीही कुठलंही कलम विचारलं तर ते थेट तिथे जात होते.

वाचकहो, वाचून हे येणार नाही. पुस्तिका शेजारी उघडी ठेवा, आपली एखादी मोठी फाइल उघडा आणि माऊस हाताला लागणार नाही इतका दूर ठेवा. पहिल्या दिवशी त्रास होईल, दुसऱ्या दिवशी कमी होईल. पंधरा दिवस टिकून राहा.